खिडकीतली होया: वेल आणायची कशी, जगवायची कशी आणि फुलवायची कशी

होया ही जाड पानांची, झुपक्यांनी फुलणारी वेल. ती घेतलेल्या माणसांच्या तक्रारी दोनच असतात. एक, वेल मेली. दुसरी, वेल छान आहे, पण तीन वर्षं झाली तरी फुलाचा पत्ता नाही. पहिल्या तक्रारीमागे जवळजवळ नेहमी पाणी असतं, दुसरीमागे अंधार किंवा कात्री. खत, माती, कुंडी यांचा विचार करावाच लागतो, पण तो या तिघांनंतर.

वेल मुळात राहते कुठे, हे एकदा लक्षात आलं की पुढच्या निम्म्या सूचना वाचायची गरज उरत नाही. होया रुईच्या कुळातली आहे. पान तोडलं तर तसाच पांढरा चीक येतो. आपल्याकडे नर्सरीत सर्रास मिळते ती होया कार्नोसा. दक्षिण चीन, तैवान, जपानची दक्षिणेकडची बेटं आणि आग्नेय आशियाचा काही भाग हे तिचं माहेर. रॉबर्ट ब्राउन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१० मध्ये हा वंश वेगळा केला आणि लंडनजवळच्या सायन हाउसचे माळी थॉमस हॉय यांचं नाव त्याला दिलं. आपल्या सह्याद्रीतही या वंशाची एक वेल आहे, होया वाइटी. पश्चिम घाटातल्या दाट जंगलात ती झाडांच्या खोडांवर चढलेली असते.

झाडावर राहत असली तरी ती बांडगूळ नव्हे, झाडाचा रस ती पीत नाही. सालीच्या खाचेत साठलेला पालापाचोळा आणि शेवाळ यांत मुळं रोवून राहते. पाऊस पडतो, मुळं चिंब होतात, पाणी निथळून जातं, वारा लागतो, मुळं सुकतात. पुढचा पाऊस येईपर्यंत जाड पानांत साठवलेलं पाणी पुरतं. ऊन झाडांच्या पानांतून गाळून येतं, पण भरपूर येतं. आपल्या दिवाणखान्यात एवढंच घडवून आणायचं आहे.

पहिली पायरी: रोप निवडणं

नवख्या माणसाने साधी हिरव्या पानांची कार्नोसा घ्यावी. ती चुका पोटात घालते. प्युबिकॅलिक्स नावाची गर्द गुलाबी ते काळपट लाल फुलांची होयाही चालेल; ती झपाट्याने वाढते आणि बऱ्याचदा कार्नोसाच्या आधी फुलते. टोपलीतून खाली लोंबणारी वेलच हवी असेल तर लाकुनोसा बघा. पानं लहान, फांद्या बारीक, फुलं इवलीशी पण वासाला खमंग.

पांढऱ्या-गुलाबी कडांची ‘क्रिमसन क्वीन’ आणि पानाच्या मधोमध पिवळसर पट्टा असलेली ‘क्रिमसन प्रिन्सेस’ या कार्नोसाच्याच जाती. दिसायला देखण्या, वाढायला सावकाश. पानात हिरवा भाग कमी म्हणजे अन्न कमी तयार होणार, हे उघड आहे. त्यांच्यात मध्येच एखादी फांदी संपूर्ण हिरवी येते. ती तेवढी बुडाशी छाटावी, नाहीतर जोमाने वाढून तीच सगळी कुंडी व्यापते. वळलेल्या, पिळलेल्या पानांची ‘काँपॅक्टा’ पहिल्या खेपेला घेऊ नका. त्या पिळांच्या आत पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) असे काही लपतात की शोधून काढणं हा एक उद्योग होऊन बसतो.

आणि ते हृदयाच्या आकाराचं एकच पान, इवल्याशा कुंडीत खोचलेलं, फेब्रुवारीच्या सुमारास भेटवस्तूंच्या दुकानात दिसतं ते? ती होया केरी. थायलंडमध्ये वनस्पती गोळा करणाऱ्या आर्थर केर या आयरिश डॉक्टरांच्या नावावरून हे नाव पडलं. त्या पानाला मुळं फुटतात, ते वर्षानुवर्षं हिरवं राहतं, पण पानाच्या देठासोबत खोडाचा डोळा आलेला नसेल तर त्यातून वेल कधीच निघत नाही. टेबलावर शोभेला ठेवायचं असेल तर खुशाल घ्या. वेल हवी असेल तर खोडाचा तुकडा असलेलंच रोप मागा.

दुकानात रोप हातात आलं की पान उलटं करून बघा. पान जिथे खोडाला जुळतं त्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर रोप परत ठेवा, सूट मिळत असली तरी. खोडाचा बुडाकडचा भाग दोन बोटांत हलकेच दाबा. टणक लागला पाहिजे. मऊ, तपकिरी लागला तर आत सड आहे. मातीवर नुसत्या गुळगुळीत पानांचा गुच्छ दिसतो आणि खाली पाच-सहा काड्या नुकत्याच खोचलेल्या असतात, असंही पुष्कळदा असतं. रोप अगदी हलकं ओढून बघितलं तर कळतं.

घरी आणल्यावर लगेच कुंडी बदलू नका. जागा बदलली, उजेड बदलला, हवा बदलली, त्यात मुळंही उपसली तर रोप महिनाभर रुसतं. दोन-तीन आठवडे इतर कुंड्यांपासून लांब ठेवा. कीड असेल तर तेवढ्यात वर येते.

दुसरी पायरी: खिडकी ठरवणं

इथे थोडं थांबावं लागेल, कारण इंटरनेटवरचे बरेचसे सल्ले युरोप-अमेरिकेतल्या खिडक्यांसाठी लिहिलेले असतात. लंडन किंवा न्यू जर्सीत दक्षिणेची खिडकी म्हणजे वर्षभर ऊन. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडेच कललेला असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत उन्हाळ्याच्या ऐन भरात थेट ऊन जवळजवळ येतच नाही, आणि दिवाळीनंतर मात्र ते तिरपं होऊन थेट खोलीत शिरतं. उत्तरेच्या खिडकीला मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ थोडं ऊन मिळतं. आपल्या घरातल्या खिडकीला कुठल्या महिन्यात किती वाजता ऊन येतं, हे आधी नुसतं बघा.

सगळ्यात सोपी म्हणजे पूर्वेची खिडकी. सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन होयाला मानवतं, फुलंही त्याच उन्हावर येतात. पश्चिमेची खिडकीही चालते, पण मार्च ते मे या काळात मध्ये पातळ पडदा किंवा हिरव्या शेडनेटचा तुकडा लागेल. विदर्भ-मराठवाड्यात पश्चिमेचं मेमधलं ऊन काचेतून थेट पानावर आलं तर एका दुपारीत पान भाजतं. त्या डागांना उपाय नसतो, पान गळेपर्यंत ते तसेच राहतात.

उजेड पुरेसा आहे का ते ओळखायला कुठलंही मीटर नको. सकाळी अकराच्या सुमारास कुंडीच्या जागी पांढरा कागद धरा आणि वर हात धरा. सावली स्पष्ट, बोटं मोजता येण्याइतकी पडली तर फुलांपुरता उजेड आहे. नुसता पुसट डाग पडला तर वेल जगेल, फुलणार नाही. सावली दिसतच नसेल तर ती जागा मनी प्लांटला द्या.

खिडकीला ग्रिल असेल तर ग्रिलच्या आतल्या बाजूला टांगलेली टोपली ही उत्तम जागा. दोन गोष्टी टाळा. एसीच्या बाहेरच्या यंत्राची गरम हवा जिथे लागते ती जागा, आणि एसीचा थंड झोत थेट पानांवर पडतो ती. नागपूर-अकोल्याकडे कूलर चालू असलेल्या खोलीत होया खूश असते, कारण हवा ओलसर राहते; फक्त कूलरच्या अगदी तोंडाशी नको. परदेशातल्या वाचकांनी हिवाळ्यात वेल हीटरच्या वर आणि गार काचेला टेकून ठेवू नये. १० अंशांच्या खाली तापमान गेलं की कार्नोसा कुरकुरते, आणि बाकी बऱ्याच जातींना तर १५ च्या खालीही सोसत नाही.

तिसरी पायरी: कुंडी आणि मिश्रण

नर्सरीतली लाल माती एकटी वापरायची नाही, एवढं पक्कं. ती घट्ट बसते, पावसाळ्यात दहा दिवस ओली राहते आणि मुळं गुदमरतात. झाडाच्या सालीच्या खाचेत असतं तसं भुसभुशीत, हवा खेळणारं काहीतरी हवं. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या वस्तूंतून असं करता येतं: नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दोन भाग, धुतलेलं कोकोपीट एक भाग, परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके, पांढरे खडे) एक भाग, गांडूळखत अर्धा भाग आणि मूठभर लाकडी कोळशाचे खडे. परलाइट मिळालं नाही तर विटांचा चुरा, पण पीठ चाळून टाकलेला. सोडण घरच्याच नारळांचं असेल तर आधी दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून, पाणी बदलून घ्या. कोकोपीटलाही तेच लागू आहे, त्यात मीठ उरलेलं असू शकतं.

मिश्रण जमलं का ते तपासायची रीत अशी की कुंडी भरून वरून तांब्याभर पाणी ओतायचं. पाणी वर तळं न करता लगेच खालच्या भोकांतून वाहू लागलं तर ठीक. वर साचून राहिलं तर अजून सोडण घाला.

कुंडी लहान असू द्या. मुळांच्या गोळ्यापेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठी, त्याहून जास्त नाही. मोठ्या कुंडीतली जास्तीची ओल मुळं पिऊ शकत नाहीत आणि ती तिथेच कुजत राहते. शिवाय होयाला थोडी अडचणीत राहायची सवय असते. मुळं दाटली की ती फुलायच्या विचाराला लागते, असा बहुतेक लावणाऱ्यांचा अनुभव आहे. दोन-तीन वर्षांत एकदा कुंडी बदलली तरी पुरे. बदलायचीच तर फेब्रुवारीअखेर किंवा पावसाळ्याच्या सुरुवातीला बदला. कळ्या लागल्या असताना बदलू नका.

मातीची की प्लॅस्टिकची, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मुंबई-कोकणात, जिथे हवाच ओली आहे आणि ज्यांचा हात पाण्याच्या बाबतीत सैल आहे, त्यांना मातीची. कोरड्या भागात आणि टांगायला प्लॅस्टिकची. खाली भोकं मात्र दोन्हींना हवीत. भोकं नसलेल्या सुबक सिरॅमिकच्या कुंडीत लावलेली होया म्हणजे मुळं कुजायची फक्त वाट बघायची. फार हौस असेल तर प्लॅस्टिकची कुंडी आत ठेवा आणि पाणी घालताना बाहेर काढा.

चौथी पायरी: पाणी

‘आठवड्यातून दोनदा’ हे उत्तर कुणी दिलं तर त्यांना होयाबद्दल पुन्हा विचारू नका. पाण्याचा वार नसतो. पुण्यात डिसेंबरमध्ये बारा दिवस चालणारी कुंडी मे महिन्यात पाचव्या दिवशी कोरडी होते, आणि जुलैत मुंबईत पंधरवडा उलटला तरी आतून ओलीच असते.

विचारायचं ते वेलीलाच. नवीन, कोवळं पान नको. एखादं जुनं, पूर्ण वाढलेलं पान दोन्ही कडांनी धरून हलकेच दुमडायचा प्रयत्न करा. पान ताठ असेल, वळायला नकार देत असेल तर आत पाणी भरपूर आहे, निघून जा. चामड्यासारखं सहज वाकलं तर पाणी द्या. जोडीला कुंडी उचलून बघायची सवय लावा. पाणी दिल्यावरची आणि सुकल्यावरची कुंडी यांच्या वजनातला फरक काही दिवसांत हाताला आपोआप कळायला लागतो. ‘काँपॅक्टा’ आणि केरीसारख्या फारच जाड पानांच्या जातींना हा वाकवायचा उपाय लागू पडत नाही, तिथे वजनावर विसंबा.

द्यायचं तेव्हा मात्र भरपूर द्या. कुंडी मोरीत किंवा सिंकमध्ये न्या, सगळं मिश्रण भिजून खालून धार लागेपर्यंत पाणी घाला, पूर्ण निथळू द्या आणि मग जागेवर टांगा. रोज पेलाभर पाणी घालणं हे सगळ्यात वाईट: वरचा थर ओला, मधला भाग कोरडा आणि बुड कुजकं. ताटलीत पाणी साचलं तर ओतून टाका. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी वापरत असाल तर महिन्यातून एकदा पावसाचं किंवा आरओ फिल्टरचं पाणी भरपूर ओतून मिश्रण धुऊन काढा. कुंडीच्या कडेला पांढरी पुटं दिसायला लागली म्हणजे ती वेळ आली.

आता एक घोळ. पानं सुरकुतली तर नवखा माणूस लगेच पाणी घालतो. सुरकुत्या तहानेनेही पडतात आणि मुळं कुजल्यानेही, कारण कुजलेलं मूळ पाणी पिऊच शकत नाही. बोट घालून बघा. मिश्रण कोरडं असेल तर तहान आहे, पाणी द्या, एक-दोन दिवसांत पान टवटवीत होतं. ओलं असून पान सुरकुतलेलं असेल तर थांबा आणि रोप बाहेर काढा. निरोगी मुळं पांढरट किंवा फिकट तपकिरी आणि चिवट असतात. काळी, चिकट, ओढल्यावर साल निघून आत नुसता दोरा उरतो ती मुळं कापून टाका, नव्या कोरड्या मिश्रणात लावा आणि आठवडाभर पाण्याचं नाव काढू नका. फारच थोडी मुळं उरली असतील तर सरळ वरच्या फांद्यांच्या काड्या करून घ्या, तेच जास्त भरवशाचं.

पानांवर फवारा मारण्याचा काही लोकांना छंद असतो. मुंबईत त्याची गरज नाही. कोरड्या गावात उन्हाळ्यात सकाळी मारला तर हरकत नाही, रात्री पानं ओली ठेवू नका. त्यापेक्षा महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पानांवरची धूळ पुसा. रस्त्याकडेच्या घरात एवढ्याने उजेडात फरक पडतो, शिवाय कीडही वेळेवर नजरेस येते.

पाचवी पायरी: लांब, बोडक्या फांद्या

लावल्यावर काही महिन्यांनी वेलीतून एक लांबलचक फांदी निघते. हात-दीड हात लांब, एकही पान नाही, हवेत नुसती गिरक्या घेत असते. घर नीटनेटकं ठेवणाऱ्या माणसाचा हात इथे कात्रीकडे जातो. कापू नका. ही फांदी आधार शोधते आहे. आधार सापडला की तिच्यावर पानं धरतात, आणि फुलांचे दांडे बहुतेक वेळा अशाच फांद्यांवर येतात.

तिला काहीतरी द्या. हार्डवेअरच्या दुकानातली जाड तार वाकवून कुंडीत गोल कमान करता येते. ग्रिललाच सुतळी बांधून वर नेता येतं. फांदी ज्या दिशेने स्वतः वळते त्याच दिशेने गुंडाळा. उलटी वळवली तर ती सुटून येते. टांगत्या टोपलीतून खाली सोडायची असेल तर तीही सोडा, पण मग टोक अधूनमधून उचलून टोपलीच्या कडेवर परत टेकवा. पूर्ण खाली लोंबलेल्या फांदीची वाढ मंदावते.

सहावी पायरी: खत, तेही बेताने

पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) एक लिटरला एक ग्रॅम, म्हणजे पाकिटावर असतं त्यापेक्षा बरंच पातळ. मार्च ते सप्टेंबर, तीन-चार आठवड्यांतून एकदा, आणि आधी साधं पाणी दिलेल्या ओल्या मिश्रणावर. हिवाळ्यात बंद. वर्षातून एकदा मूठभर गांडूळखत वर पसरलं तरी चालतं.

चहाचा चोथा, केळ्याच्या सालीचं पाणी, आंबट ताक, तांदूळ धुतलेलं पाणी हे सगळं बागेतल्या झाडांना घाला. घरातल्या टोपलीत ते कुजतं, वास येतो आणि चिलटं होतात. ‘फुलं आणणारं’ म्हणून विकली जाणारी पुडी अंधारात टांगलेल्या वेलीला फुलवू शकत नाही. तिचे पैसे वाचवून कुंडी चार फूट खिडकीकडे सरकवा.

सातवी पायरी: फुलं

कार्नोसाला पहिलं फूल यायला काडी लावल्यापासून साधारण दोन-तीन वर्षं लागतात, कधी जास्तही. त्याआधी वेलीला दोष देऊ नका. हिवाळ्यात, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत, तिला थोडी विश्रांती मिळाली तर पुढच्या हंगामात फायदा होतो: पाणी कमी, खत बंद, रात्रीचा गारवा आणि उजेड मात्र पूर्ण. पुणे-नाशिककडच्यांना हा गारवा फुकटात मिळतो.

उन्हाळा सुरू होता होता पानाच्या बेचक्यातून एक आखूड, जाडसर दांडा निघतो आणि त्याच्या टोकावर खसखशीएवढ्या कळ्यांचा झुपका दिसतो. इथून पुढे काही आठवडे वेलीला हलवायचं नाही. जागा बदलली, कुंडी फिरवून उजेडाची बाजू बदलली किंवा मिश्रण एकदम कडकडीत सुकलं, तर कळ्या पिवळ्या पडून गळतात. झाडायला काढायचं असेल तर कुंडीच्या एका बाजूला खडूने खूण करा आणि परत तीच बाजू खिडकीकडे करा.

कळ्या फुगून पंचकोनी होतात आणि एका संध्याकाळी एकेक करून उलगडतात. जवळून बघा, शक्य असेल तर भिंगातून. खालची पाच पाकळ्यांची चांदणी फिकट गुलाबी, वर बारीक लव असलेली. तिच्या मधोमध दुसरी, लहान, गुळगुळीत चांदणी आणि तिच्या केंद्रात लालबुंद ठिपका. संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यात एखादं फूल बसवलेलं असावं, तसं ते दिसतं, इतकं घोटीव. झुपक्यात दहा-पंधरापासून तीसपर्यंत फुलं असतात. आतल्या चांदणीच्या कडेला परागकण सुटे नसतात. मेणासारख्या छोट्या गोळ्यांच्या जोड्या असतात आणि त्या भेट देणाऱ्या किड्याच्या पायाला अडकून जातात. रुईच्या फुलातही अगदी हेच घडतं. या वंशाला नाव देणाऱ्या ब्राउन यांनीच पुढे १८३०च्या दशकात ऑर्किड आणि रुईच्या कुळातल्या परागीभवनावर बारकाईने काम केलं. पेशीतल्या केंद्रकाला न्यूक्लियस हे नाव त्यांनी त्याच अभ्यासाच्या ओघात दिलं.

वास रात्री जोर धरतो. गोड, थोडा दाट. लहान बेडरूममध्ये दोन-तीन झुपके एकदम उमलले तर काहींना तो डोक्यात जातो, तेव्हा टोपली दिवाणखान्यात असलेली बरी, हे आधीच ठरवून ठेवा, कारण कळ्या लागल्यावर हलवता येणार नाही. फुलांतून मधाचे थेंबही टपकतात. खाली सोफा, पुस्तकं किंवा लॅपटॉप नको. मुंग्या येतील; वेलीला त्यांचा त्रास नाही, तुम्हाला असेल तर टोपलीच्या आकड्याच्या तारेला व्हॅसलीन लावा.

झुपका आठवडा-दहा दिवसांत सुकतो. फुलं आपोआप गळतात किंवा हलक्या हाताने काढता येतात. दांडा मात्र ठेवायचा. तो वाळक्या काडीसारखा, निरुपयोगी दिसतो, पण पुढच्या वेळी त्याच दांड्याच्या टोकातून नव्या कळ्या येतात, आणि वर्षानुवर्षं येत राहतात. होया फुलत नाही अशी तक्रार असलेल्या पुष्कळ घरांत दर वर्षी कुणीतरी ‘वाळलेलं काढून टाकलं’ असतं. घरकामाला येणाऱ्या मावशींना, आईंना, माळीकाकांना हे आधीच सांगून ठेवा. फुलं देवाला वाहायची असतील तर एकेक खुडा, दांड्यासकट झुपका तोडू नका.

कीड

पिठ्या ढेकूण हा मुख्य शत्रू. कानात घालायच्या कापसाच्या काडीला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक टिपायचा, आणि पाच-सहा दिवसांनी पुन्हा, कारण अंडी उरतात. तीनदा केलं की बहुधा सुटका होते. पसरला असेल तर लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि चार थेंब भांड्यांचा साबण घालून, संध्याकाळी, पानांच्या खालूनही फवारा. मुळांजवळही तो असतो, तेव्हा वरचा थर उकरून बघा.

कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा दिसला तर घाबरू नका. रुई आणि कण्हेरीवर असतो तोच हा. सिंकमध्ये धरून नळाच्या धारेने धुवा, दोन-तीन दिवस लागोपाठ. पानं फिकट ठिपक्यांनी भरली आणि खाली बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. कोरड्या उन्हाळ्यात येतो, धुण्याने आटोक्यात येतो.

काड्या करणं

फेब्रुवारी ते सप्टेंबर हा काळ बरा. दोन डोळे असलेला, फार कोवळा नाही असा तुकडा घ्या. चीक येईल, तो डोळ्यांत जाऊ देऊ नका, हात धुवा, काहींच्या कातडीला खाज सुटते. घरात मांजर-कुत्रा असेल तर दिलासा असा की अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिसंस्थेच्या यादीत कार्नोसा बिनविषारी म्हणून नोंदलेली आहे. तरी मांजर लोंबत्या फांदीशी खेळणारच, ती वेगळी गोष्ट.

चीक थांबेपर्यंत तासभर काडी सावलीत ठेवा. खालच्या डोळ्यावरची पानं काढा आणि तो डोळा पाण्यात बुडेल अशी काचेच्या बाटलीत ठेवा. पाणी चार दिवसांनी बदला. तीन ते पाच आठवड्यांत मुळं दिसतात. बोटभर झाली की वरच्याच मिश्रणात लावा आणि पहिला पंधरवडा नेहमीपेक्षा थोडं ओलसर ठेवा. थेट ओल्या कोकोपीटमध्ये लावून वरून पिशवी घातली तरी चालतं. एका कुंडीत तीन-चार काड्या लावा, एकुलती एक वेल बराच काळ किडकिडीतच दिसते.

गावाला जाताना

दिवाळीला किंवा मे महिन्यात पंधरा दिवस घर बंद राहणार असेल तर निघायच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी देऊन निथळू द्या आणि कुंडी थेट उन्हापासून दोन-तीन फूट आत सरकवा. कळ्या असतील तर सरकवण्यापेक्षा पडदा ओढा. पडदा जाड नको. ऐन मेमध्ये कोरड्या गावात असाल तर एखाद्या बादलीत पाणी ठेवून शेजारी टोपली टांगा, हवा थोडी ओलसर राहते. पानं जराशी मऊ पडलेली दिसली तर परत आल्यावर एका पाण्यात ती सावरतात. शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवाल तेव्हा तुळशीला रोज पाणी घालायला सांगा, आणि होयाच्या टोपलीवर ‘हिला घालू नका’ अशी चिठ्ठी लावा, म्हणजे त्यांच्याकडून प्रेमापोटी घातलं जाणार नाही.